एक वॅटची मुलूखमैदान

आमच्या परंडा तालुक्याला मोठ्या आवाजाचे वावडे कधीच नव्हते. मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली, पुढे परंड्याच्या किल्ल्यात राहिली आणि १६३२ साली तिची विजापूरला रवानगी झाली. (बदली म्हणजे काय, हे आम्हां बँकवाल्यांना सांगायला नको.) वजन सुमारे ५५ टन. बत्ती दिली की गोलंदाज कान वाचवायला शेजारच्या हौदात बुडी मारी, असे विजापुरात सांगतात.

हे सांगण्याचे कारण, वयाच्या ४६ व्या वर्षी घरी गिटार वाजवायला अँप्लिफायर घ्यायचे ठरले, तेव्हा मलाही तोफच हवी होती. ५० वॅटची! कॉलेजातली इलेक्ट्रिक गिटार वीस वर्षे कपाटावर झोपली होती. उठवायची तर दणक्यात उठवावी. “घरी ना? मग पाच वॅटचा व्हॉल्व्हवाला घ्या,” म्हणणाऱ्या दुकानदाराकडे मी, तीन वाजून एक मिनिटाने चिल्लर भरायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहावे तसे पाहिले. अहो, आमचा झिरोचा दिवासुद्धा १५ वॅट खातो!

पण आमचे घर सोनारीत. भैरवनाथाच्या कृपेने गावात माकडे उदंड, आणि त्यांची सर्वसाधारण सभा आमच्याच पत्र्यावर भरते. आत आई. वडील गेल्यापासून तिची झोप फार सावध झालेली. “वाजव की रे, मी काय जागीच असते,” ती म्हणाली. हिने मात्र कर्जमंजुरीची अट घालावी तसे बजावले, “आईंची झोप मोडली, तर गिटार परत कपाटावर. कायमची.”

मग झक मारत इतिहास वाचला.

गिटार हे मुळात गरीब आवाजाचे वाद्य. अमेरिकेतल्या नाचाच्या बँडमध्ये ट्रंपेट-सॅक्सोफोनपुढे तिचे कोणी ऐकेना. म्हणून १९३० च्या दशकात तारांखाली चुंबक आणि वेटोळे बसवून कंपनाची वीज करायला लागले. ती वीज अगदीच मरतुकडी. तिला बळ दिले व्हॉल्व्हने. ली डी फॉरेस्टने १९०६ साली काचेच्या नळीत जाळी बसवली होती. जाळीवर इवलासा इशारा झाला की मोठा प्रवाह त्याप्रमाणे हलतो. आमच्याकडे एका चिमुकल्या सहीने लाखांची रक्कम हलते, त्यातलाच प्रकार.

पुढचे नाव वाचून मात्र माझी कॉलर ताठ झाली. लिओ फेंडर! हा गृहस्थ मूळचा हिशेबनीस. नोकरी गेली म्हणून १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला त्याने रेडिओदुरुस्तीचे दुकान काढले. गिटार त्याला स्वतःला वाजवता येत नसे. (तरी काही लोक कॉमर्सवाल्यांना हसतात.) चाळीसच्या दशकाअखेर त्याने शिकाऊंसाठी चार-पाच वॅटचा छोटा अँप्लिफायर काढला, तोच पुढचा ‘चँप’. मग लंडनच्या जिम मार्शलने १९६२ साली फेंडरच्याच ‘बासमन’वरून आपला यंत्रसंभार बेतला आणि १९६५ साली ‘द हू’ मंडळींच्या हट्टापायी १०० वॅटपर्यंत गेला. मुलूखमैदानचा पुनर्जन्म!

तोवर ट्रान्झिस्टर आला होता आणि रेडिओतले व्हॉल्व्ह मोडीत निघाले होते. आमच्याकडे वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ पुढेही बरीच वर्षे टिकला. बातम्यांआधी तीन मिनिटे ते तो लावून ठेवीत. “तापू दे.” मी नोकरीला लागलो आणि नवा टेपरेकॉर्डर आणून तो रेडिओ भंगारात दिला. ४० रुपये आले. वडील काही बोलले नाहीत. बातम्यांच्या वेळी रिकाम्या फळीसमोर बसून राहिले. ते ४० रुपये कुठल्या खाती जमा करावेत, मला अजून कळलेले नाही.

गिटारवाल्यांनी मात्र व्हॉल्व्ह सोडला नाही. ताकदीबाहेर ताणला की तो किंचाळत नाही. सूर हळूहळू जाडसर, खरबरीत-गोड होत जातो. पण त्यासाठी बटण बरेच पुढे न्यावे लागते. घरात ५० वॅटचे बटण एकच्या पुढे नेता यायचे नाही. म्हणजे मुदत ठेव मोठी, पण मोडायची सोय नाही! शिवाय कानाचा हिशेब वेगळाच: वॅट दहापट केले तर कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो. म्हणजे दुकानदाराचे पाच वॅट हीसुद्धा अर्धी तोफच. मी एक वॅटचा घेतला. “स्पीकरची वायर काढून कधी चालू करू नका, जळेल. आणि बंद केल्यावरही आत बोट घालू नका,” दुकानदाराने बजावले.

रात्री दहाला पहिल्यांदा बटण दाबले. आधी काहीच नाही. मग काचेत तांबूस उजेड आला आणि बारीक घूं सुरू झाली. पत्र्यावरची सभा तहकूब. मी तारांना हात घालणार, तोच आतून आईचा झोपाळलेला आवाज आला,

“रेडिओ लावलाय का रे? तापू दे जरा.”

मी हात मागे घेतला आणि तीन मिनिटे तापू दिला.