वेखंडातला खंड

कमळाची संस्कृत नावं आठवून पाहा. जलज, नीरज, वारिज, अंबुज, सरोज, पंकज. नावागणिक पाणी, नाहीतर चिखल तरी आहेच. आता वेखंडाची नावं घ्या. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात ती पाच दिली आहेत: वचा, उग्रगंधा, षड्ग्रंथा, गोलोमी आणि शतपर्विका. वेखंडही ओढ्याकाठच्या दलदलीत, पाय पाण्यात बुडवूनच वाढतं. तरी या पाचांत पाण्याचं नावसुद्धा नाही. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात जटिला, लोमशा, मंगल्या अशी आणखी नावं येतात, त्यांतही पाणी नाही.

याचं कारण मला असं दिसतं, की कमळाला नावं देणारा तळ्याच्या काठावर उभा होता. वेखंडाला नावं देणाऱ्याच्या हातात वाळकी मुळी होती. एकेक नाव त्या मुळीवर ताडून पाहिलं तर हे पटतं. आपण मूळ म्हणतो ते खरं तर चिखलात आडवं सरकत जाणारं खोड, आलं-हळदीसारखं. वाळलं की ते करड्या-तपकिरी रंगाचं होतं आणि बोटाच्या पेरांसारख्या वळ्या त्यावर अगदी जवळजवळ उठून दिसतात. झडलेल्या पानांच्या या खुणा. त्यांवरून षड्ग्रंथा आणि शतपर्विका. खालच्या बाजूला तंतुमुळांचे केस उरतात, त्यांवरून लोमशा, गोलोमी, जटिला. मोडून नाकाशी धरलं की उग्रगंधा हे नाव समजावून सांगावं लागत नाही. आतला गाभा मात्र पांढरट आणि भुसभुशीत असतो. तलवारीसारखी उंच, हिरवी पानं, त्यांची एका बाजूला सरकलेली मधली शीर आणि त्यांनाही येणारा वास, हे सगळं नावांच्या बाहेरच राहिलं. भावप्रकाशातलं एक नाव पानावरून आहे, पण तेही क्षुद्रपत्री, म्हणजे लहान पानांची! हाताहाताएवढी पानं ज्यानं पाहिली, तो असं नाव देईल असं वाटत नाही.

मराठी शब्द तर याच्याही पुढे गेला. वेखंड हा शब्द मी असा उलगडतो: वचा अधिक खंड. प्राकृतात दोन स्वरांमधला च गळतो आणि त्या जागी य येतो. लोचनाचं लोयण झालं, वचनाचं वयण झालं, तशी वचेची वया. पुढे मराठीत अय मिटून ए होतो. कदली, कयली आणि मग केळ, ही वाट आपल्या ओळखीची आहे. त्याच वाटेनं वयाखंडाचं वेखंड. हिंदी आणि बंगाली बच यांनी च सांभाळला आहे, म्हणजे तिकडचा शब्द बहुधा वैद्यांच्या पोथ्यांतून पुन्हा उचलला गेला असावा. मराठीतला शब्द तोंडातोंडांतून झिजत आला. आणि झिजताना त्यानं खंड, म्हणजे तुकडा, सोबत आणला. चंदनाला श्रीखंड म्हणतात त्यातला खंड हाच. झाड दूर कुठेतरी, आणि आपल्यापर्यंत येतो तो गंधाचा तुकडा. काष्ठौषधीच्या दुकानात पुडीत बांधून मिळणाऱ्या वस्तूला याहून नेमकं नाव सापडलं नसतं.

खंड हा शब्द वेखंडाच्या शेतकऱ्यालाही लागू पडतो. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या कोरटगेरे भागात वेखंडाची शेती होते. भातासारखी खाचरात पाणी तुंबवून, आणि लावायचे ते मुळीचे तुकडेच. वनस्पतिशास्त्र सांगतं, की वेखंडाचा एक मोठा प्रकार त्रिगुणित आहे, म्हणजे त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, आणि म्हणून त्याला बी धरत नाही. तो पसरला तो तुकड्यांनीच.

घरातलं वेखंड म्हणजे बाळगुटीतलं. मुरुडशेंग, हिरडा, जायफळ, हळकुंड, अतिविष यांच्या रांगेत ते बसतं. सहाणेवर दुधाचे किंवा पाण्याचे दोन थेंब, आणि मुळी गोल फिरवायची. किती, ते वेढ्यांत मोजतात. हिरड्याचे चार वेढे, वेखंडाचा एक. वेढा हा शब्द इथे वजनाचं काम करतो. गुटीतल्या प्रत्येक मुळीचे वेढे निराळे, आणि ते आजी-पणजीकडून आलेले. वेखंडाचा वेढा मोजकाच असे, त्यामागे जाण होती, कारण जास्त झालं की ते ओकारी काढतं. आयुर्वेदातही ते वामक म्हणून ओळखलं जातं. अमेरिकेनं 1968 साली खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली, ती त्याच्या तेलातल्या बीटा-असारोन या घटकामुळे. तेव्हा बाळाच्या पोटात द्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारणं हेच शहाणपणाचं. पोट फुगलं की बेंबीभोवती लेप, न्हाऊ घातल्यावर टाळूवर चिमूटभर पूड, ही बाहेरची रीत अजून अनेक घरांत टिकून आहे.

वचा या मूळ शब्दाकडे परत येऊ. परंपरेनं तो वच् म्हणजे बोलणे या धातूशी जोडला आहे. वाचा, वचन आणि आपलं वाचणं याच धातूचे. चरकसंहितेत वचेचा समावेश संज्ञास्थापन गणात, म्हणजे शुद्धीवर आणणाऱ्या औषधांत आहे. सारस्वत चूर्ण सरस्वतीच्या नावाचं, आणि त्यात इतर सगळ्या द्रव्यांच्या बरोबरीनं एकटी वचा पडते, वर ब्राह्मीच्या रसाची भावना. मुलाला लवकर वाचा फुटावी म्हणून वेखंड चाटवायची समजूत यातूनच वाढली असावी. केरळात नवजात बाळाला मधात वयंबु आणि सोनं उगाळून चाटवतात. मल्याळममधल्या त्या वयंबुतही य आहे, ते पाहून मला आपलं वेखंड आठवतं. तमिळमध्ये याला वसंबु म्हणतात, आणि पिळ्ळै वळर्प्पान, म्हणजे लेकरं वाढवणारा, असंही प्रेमाचं नाव आहे. पण तमिळ घरांतली खरी गंमत निराळीच. तिथे याचं नाव उच्चारू नये असा संकेत आहे, म्हणून त्याला पेर सोल्लाददु, ज्याचं नाव घ्यायचं नाही ते, असं म्हणतात. रात्री वाण्याकडे मागायचं ते या नावानं. एका भाषेनं बोलण्यावरून नाव दिलं, आणि शेजारच्या भाषेनं तेच तोंडातून काढायला मनाई केली. बाळाच्या अंगावरून वाईट नजर दूर ठेवणाऱ्या वस्तूंभोवती असे संकेत असतातच.

लिनियसनं 1753 मध्ये या वनस्पतीला आकोरस कॅलॅमस असं नाव दिलं. त्यातलं कॅलॅमस ग्रीक कालामोसवरून आलं, अर्थ बोरू. तोच शब्द अरबीत कलम झाला आणि फारसीवाटे मराठीत येऊन लेखणी, कायद्याचं कलम, आंब्याचं कलम असा पसरला. बोलण्यावरून एक नाव आणि लेखणीच्या कुळातलं दुसरं, हा योगायोग मला फार आवडतो. पण तो योगायोगच आहे. पानं बोरूसारखी दिसतात, एवढाच दुसऱ्या नावाचा आधार.

वचा हा शब्द पुढे एका मुळीपुरता राहिला नाही. भावप्रकाशात कुलिंजनाला महाभरी वचा म्हटलं आहे, इराणकडून येणारी पांढरी मुळी ती पारसीक वचा, आणि चोपचिनी ती द्वीपांतर वचा. ही शेवटची फिरंग रोगावर, म्हणजे सिफिलिसवर, खास सांगितली आहे. फिरंग्यांबरोबर रोग आला, मागोमाग त्याचं औषध परक्या बेटांवरून आलं, आणि दोघांनाही नावं देताना वैद्यांनी ती कुठून आली ते नोंदवलं. परमुलुखातली सुगंधी किंवा औषधी मुळी आली, की तिला वचा म्हणायचं, अशी जणू रीतच पडली. मराठीतही तसंच झालं. बाळवेखंड म्हणून जी मुळी विकतात, तिचं वेखंडाशी कुळाचंही नातं नाही. नावातल्या बाळामुळे ते लेकरांसाठीचं सौम्य वेखंड वाटतं, आणि घोटाळा इथेच होतो. म्हणून दुकानात मुळी हातात घेऊन पाहावी. जवळजवळ वळ्या, आत पांढरट भुसभुशीत गाभा आणि मोडताच नाकात शिरणारा वास असेल, तर ते वेखंड.