द्विनमुना कसोटी

दोन यदृच्छ नमुने ज्या समष्टींतून घेतले, त्या समष्टी माध्यात अथवा प्रचरणात (चढउताराच्या मापात) भिन्न आहेत किंवा काय, हे ठरविण्याची सांख्यिकीय रीती. तिच्या विकासात पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–९७) या महाराष्ट्रीय संख्याशास्त्रज्ञांचा वाटा महत्त्वाचा आहे.

प्रश्नाचे स्वरूप उरण (जि. रायगड) परिसरातील भातशेतीवरून ध्यानात येईल. खाडीकाठी बांध घालून मिळविलेल्या खारजमिनीत उधाणाच्या भरतीने बांधास खांड पडली, की खारे पाणी शिरून पीक बुडते. बांध टिकलेल्या भागातील शेत वाचते. उंचावरील गोड्या जमिनीस हे भय नाही. दोहोंकडील उत्पन्नाची सरासरी जुळली, तरी चढउतार जुळेलच असे नाही. आणि ज्याचे शेत बुडाले त्याला सरासरीचा दिलासा नसतो.

‘स्टुडंट’ (डब्ल्यू. एस. गॉसेट) यांनी १९०८ मध्ये लहान नमुन्याच्या माध्याची कसोटी दिली. आर. ए. फिशर यांनी ती दोन नमुन्यांच्या माध्यांतील फरकास लावली. मात्र तीत दोन्ही समष्टींचे प्रचरण समान मानावे लागते. वरील उदाहरणात हे गृहीत टिकत नाही. जे. नेमान व ई. एस. पीअर्सन यांनी १९३० मध्ये माध्य व प्रचरण ही दोन्ही एकाच वेळी पारखणारी कसोटी मांडली. समष्टी एक नाहीत असा तिचा कौल मिळाला, तरी फरक कशात आहे हे तीवरून कळत नाही.

प्रचरणे असमान असताना केवळ माध्यांची तुलना कशी करावी, याचे उत्तर डब्ल्यू. यू. बेरेन्स यांनी १९२९ मध्ये सुचविले व फिशर यांनी १९३५ मध्ये उचलून धरले. एम. एस. बार्टलेट यांनी त्यावर आक्षेप घेतला. फिशर व पीअर्सन हे प्रतिपक्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एकाच इमारतीत काम करीत. सुखात्मे १९३३–३६ या काळात तेथेच शिकत होते. नेमान-पीअर्सन पंथाच्या या विद्यार्थ्याने १९३८ मध्ये फिशर-बेरेन्स कसोटीची कोष्टके सिद्ध करून सांख्य या नियतकालिकात प्रसिद्ध केली, ही गोष्ट लक्षणीय होय.

पुढे दिल्लीस कृषी संशोधन परिषदेत असताना त्यांनी यदृच्छ नमुन्यांवर आधारलेले पीक कापणी प्रयोग रूढ केले. तत्पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने आण्यांत बांधीत. अगदी लहान तुकड्यांच्या कापणीचे उत्पन्न मोठ्या तुकड्यांच्या मानाने वाढीव येते, असे सुखात्मे यांनी १९४६ मध्ये दाखविले. कारण हद्दीवरची रोपे तुकड्यात धरली जातात, व तुकडा जितका लहान तितका त्यांचा प्रभाव अधिक.