नेवाडातील हिरवळ आणि कोलोरॅडोचे पाणी

घरापुढील कातरलेली हिरवळ ही मूळची इंग्लंडच्या दमट हवेतील उमरावी हौस होय. एडविन बडिंग याने १८३० मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतल्यावर ती मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली व पुढे अमेरिकन उपनगरांबरोबर पश्चिमेकडील वाळवंटातही पोचली. लास व्हेगास येथे वर्षाकाठी जेमतेम १० सेंटिमीटर पाऊस पडतो. तेथील हिरवळ पोसली ती मुख्यतः कोलोरॅडो नदीने.

या नदीच्या वाटणीचा करार १९२२ मध्ये झाला आणि १९२८ च्या कायद्यान्वये नेवाडाच्या वाट्यास वर्षाला अवघे ३ लक्ष एकर-फूट पाणी आले. नगर वाढले, वाटा तेवढाच राहिला. येथे एक भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. घरातील सांडपाणी शुद्ध होऊन मीड सरोवरात परत जाते व त्याच्या मोबदल्यात पुन्हा पाणी उचलता येते; हिरवळीस दिलेले पाणी मात्र बहुतांशी बाष्परूपाने नाहीसे होते. सारांश, प्रश्न एकंदर वापराचा नसून न परतणाऱ्या पाण्याचा आहे.

२०२१ च्या कायद्याने निव्वळ शोभेच्या हिरवळीस २०२६ अखेरनंतर कोलोरॅडोचे पाणी देण्यास मनाई केली. तथापि स्वतंत्र घरांची अंगणे त्यातून वगळली गेली. जलगणिताच्या दृष्टीने ही सवलत समर्थनीय ठरत नाही. अंगणातील बाष्पीभवन रस्त्याकडेच्या बाष्पीभवनाहून निराळे नसते. निराळा असतो तो मालकी हक्काचा दबदबा.