मूठभर बंदूकवाले आणि बेटांची राज्यं

25 नोव्हेंबर 1981 रोजी हिंदी महासागरातल्या सेशेल्सच्या माहे बेटावर रॉयल स्वाझी नॅशनल एअरवेजचं एक विमान उतरलं. सुट्टीच्या रंगात असलेले चाळीस-पंचेचाळीस पुरुष त्यातून बाहेर पडले. सांगायला ते बिअरप्रेमींच्या एका क्लबाचे सभासद होते आणि त्यांच्या बॅगांमध्ये बेटावरच्या अपंग मुलांसाठी खेळणी होती. खेळणी खरीच होती. पण त्यांच्याखाली, बॅगांच्या खोट्या तळात, एके-47 रायफली होत्या. बरेचजण कस्टममधून निर्धास्त बाहेर पडलेही. मग एका अधिकाऱ्याने मागे राहिलेल्यांपैकी एकाची बॅग जरा जास्तच बारकाईने तपासली आणि एका देशाचं सरकार त्या कस्टमच्या टेबलावर वाचलं.

या टोळीचा म्होरक्या माइक होअर. जन्म कलकत्त्याचा, नाव कमावलं ते 1960च्या दशकात काँगोमध्ये भाडोत्री सैनिकांचा सरदार म्हणून. अशाच सैनिकांवरच्या ‘द वाइल्ड गीझ’ या चित्रपटाला त्याने तांत्रिक सल्लाही दिला होता. माहेवर मात्र पटकथा फसली. विमानतळावर गोळीबार सुरू असतानाच सॅलिस्बरीहून, म्हणजे आजच्या हरारेहून, मुंबईला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग तिथे उतरलं. होअरच्या माणसांनी ते ताब्यात घेतलं आणि वैमानिकाला दक्षिण आफ्रिकेतल्या डरबानला जायला लावलं. मुंबईचे प्रवासी असे एका फसलेल्या बंडाचे ओलीस होऊन भलत्याच देशात पोहोचले.

प्रिटोरियाच्या वर्णद्वेषी सरकारने सुरुवातीला बहुतेकांना सोडूनच दिलं. जगभरातून ओरड झाल्यावर विमान पळवल्याचा खटला उभा राहिला आणि होअरला दहा वर्षांची शिक्षा झाली. ती त्याने पुरी भोगली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव 496 करून चौकशी आयोग नेमला.

सेशेल्सचे राष्ट्राध्यक्ष फ्रान्स-अल्बेर रेने यांना या प्रकाराचं नवल वाटायचं कारण नव्हतं. ते स्वतः याच वाटेने सत्तेवर आले होते. जून 1977 मध्ये, स्वातंत्र्याला वर्षही पुरं झालं नव्हतं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जेम्स मँचम राष्ट्रकुल परिषदेसाठी लंडनला गेले होते. साठेक सशस्त्र माणसांनी मागे माहे ताब्यात घेतलं आणि पंतप्रधान रेने राष्ट्राध्यक्ष झाले.

शेजारच्या कोमोरोसची कथा याहून लाजिरवाणी. 1975 मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र झालेल्या या देशाचं पहिलं सरकार महिन्याभरातच उलथलं, आणि त्यात बॉब देनार या फ्रेंच भाडोत्री सैनिकाचा हात होता. तीन वर्षांनी हाच देनार मासेमारीचं जुनं जहाज घेऊन, पन्नासएक माणसांसह परत आला. ज्या अहमद अब्दल्ला यांना घालवायला त्याने मदत केली होती, त्यांनाच त्याने पुन्हा गादीवर बसवलं. नंतरची अकरा वर्षं राष्ट्राध्यक्षांचं रक्षकदल त्याच्या मुठीत होतं. 1989 मध्ये अब्दल्ला मारले गेले, फ्रेंच फौजा आल्या आणि देनार गेला. 1995 मध्ये तो रबरी होड्यांतून पुन्हा उतरला! त्याही वेळी त्याला बाहेर काढायला फ्रेंच फौजाच लागल्या.

इतक्या थोड्या माणसांत हे साधायचं कसं? देशाचा सगळा कारभार एका बेटावर, बऱ्याचदा एकाच गावात. एक विमानतळ, एक आकाशवाणी केंद्र, एक छावणी. एवढं हाती आलं की देश हाती आला. माघार घ्यायला फारशी जागा नाही, कुमक मागवायला दुसरा प्रांत नाही. साम्राज्यांच्या काळात आरमारं आसपास वावरत असत. ती बरीचशी 1970च्या दशकात निघून गेली. मालदीवच्या दक्षिण टोकाच्या गान बेटावरचा ब्रिटिश हवाई तळ 1976 मध्ये बंद झाला.

धोका अर्थात त्याहून जुना. 1602 मध्ये मालदीवच्या प्रवाळांवर फुटलेल्या फ्रेंच जहाजातून वाचलेला फ्रान्स्वा पिरार पाच वर्षं तिथे अडकून पडला होता. अखेर बंगालकडून आलेल्या लुटारू गलबतांनी माले लुटलं, सुलतानाला मारलं आणि त्या गडबडीत पिरार सुटला. पुढे तो गोव्यात पोर्तुगीजांच्या चाकरीत राहिला आणि मायदेशी परतल्यावर त्याने हे सगळं लिहून ठेवलं. सुलतानाच्या राजधानीला तेव्हाही चार गलबतांपुरतंच संरक्षण होतं म्हणायचं.

3 नोव्हेंबर 1988च्या पहाटे मालेवर पुन्हा तीच पाळी आली. अब्दुल्ला लुथुफी या मालदीवच्या व्यापाऱ्याने श्रीलंकेतल्या ‘प्लोट’ या तमिळ संघटनेचे ऐंशीच्या आसपास बंदूकधारी आणले होते. त्यांनी मोक्याच्या जागा घेतल्या. राष्ट्रीय सुरक्षा दलाचं मुख्यालय मात्र त्यांना घेता आलं नाही. राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम एका घरातून दुसऱ्या घरात लपत होते. मदतीची हाक अनेक राजधान्यांत गेली. अमेरिकेचा तळ हिंदी महासागरातल्याच दिएगो गार्सिया बेटावर होता. तरी अमेरिका आणि ब्रिटन या दोघांनीही भारताकडे बोट दाखवलं.

दिल्लीत राजीव गांधींनी निर्णय झटपट घेतला, पण तयारीची गंमत पाहण्यासारखी होती. आग्र्याच्या छत्री ब्रिगेडचे ब्रिगेडियर फारूक बलसारा यांच्यासमोर धावपट्टीचा जो नकाशा आला, तो मालेजवळच्या हुलहुलेचा नव्हे, गानचा होता. मालेतले भारतीय उच्चायुक्त ए. के. बॅनर्जी नेमके त्या वेळी भारतात होते, म्हणून ही चूक उड्डाणाआधीच पकडली गेली. त्यांनाही मोहिमेबरोबर नेण्यात आलं. रात्री साडेनऊच्या सुमारास, दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतर न थांबता कापून आयएल-76 विमानं हुलहुलेवर उतरली. धावपट्टी बंडखोरांच्या हातात नव्हती, हेच खरं नशीब. जवान होड्यांतून मालेला गेले आणि पहाटेपर्यंत गयूम सुरक्षित होते. ओलिसांना घेऊन ‘प्रोग्रेस लाइट’ या मालवाहू जहाजातून पळालेल्यांना ‘आयएनएस गोदावरी’ आणि ‘आयएनएस बेतवा’ यांनी 6 नोव्हेंबरला शरण आणलं. ओलिसांपैकी काहींचा मात्र जीव गेला.

‘ऑपरेशन कॅक्टस’ या भारताच्या मोहिमेचं पाश्चात्त्य राजधान्यांत कौतुक झालं; शेजाऱ्यांच्या कौतुकात धास्तीही मिसळली होती. जो शेजारी काही तासांत सोडवायला येऊ शकतो, तो न बोलावताही येऊ शकतो, हा हिशेब छोट्या देशांना कुणी शिकवावा लागत नाही. 1983 मध्ये अमेरिकी फौजा कॅरिबियनमधल्या ग्रेनाडावर उतरल्या, त्याही काही शेजारी बेटांनी बोलावलं म्हणूनच.

म्हणून मालदीवने दोन दोऱ्या धरल्या. एक न्यूयॉर्कची: 1989 मध्ये त्याच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने लहान राज्यांच्या सुरक्षेचा ठराव केला आणि त्याच वर्षी भाडोत्री सैनिकांविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करारही झाला. पण तो अमलात यायला 2001 उजाडलं, आणि पहाटे तीनला कुणी दार ठोठावलं तर कराराची प्रत काही कामाची नव्हती. दुसरी दोरी शेजाऱ्याची: 1991 पासून भारत आणि मालदीवच्या तटरक्षक दलांचा ‘दोस्ती’ सराव सुरू झाला. 2012 पासून त्यात श्रीलंकाही आली. कोमोरोसमध्ये 2008 साली आफ्रिकी संघाच्या पाठिंब्याने टांझानिया आणि सुदानचे सैनिक बंडखोर अंजुआन बेटावर उतरले आणि तिथला प्रश्न सुटला.

तोवर धोक्याने रूप पालटलं होतं. सेशेल्सची जमीन जेमतेम 455 चौरस किलोमीटर, पण तिच्या हक्काचा समुद्र सुमारे 13 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौपटीहून जास्त. 2009 पासून सोमाली चाचे या पाण्यात शिरले आणि ट्यूना व पर्यटन, दोन्ही कमाया एकदम धोक्यात आल्या. पुढच्या वर्षी सेशेल्सच्या ‘टोपाझ’ या गस्ती नौकेने चाच्यांशी चकमक करून आपले मच्छीमार आणि इराणी खलाशी सोडवून आणले. ही नौका म्हणजे भारताने भेट दिलेली ‘आयएनएस तरमुगली’. सेशेल्सने कायदा बदलून परक्या आरमारांनी पकडलेल्या चाच्यांवरही राजधानी व्हिक्टोरियात खटले चालवले. शिक्षा झालेल्यांना सोमालियातल्या तुरुंगांत पाठवण्याची व्यवस्था झाली, कारण बेटावरचा तुरुंग पुरला नसता.

नौका घेणाऱ्या त्याच सेशेल्सने असम्पशन बेटावर भारताच्या मदतीने लष्करी सोयी उभारण्याचा करार मात्र अडवला. 2018 मध्ये व्हिक्टोरियात लोक रस्त्यावर उतरले आणि संसदेने मंजुरी दिलीच नाही. मालदीवमध्ये 2023ची निवडणूक मोहम्मद मुइझ्झू यांनी भारतीय सैनिकांना परत पाठवण्याच्या आश्वासनावर जिंकली. हे सैनिक होते ऐंशीच्या घरातले, दोन हेलिकॉप्टर आणि एक डॉर्निअर विमान चालवणारे. आजारी माणसाला दूरच्या बेटावरून मालेच्या इस्पितळात आणणं हे त्यांचं नेहमीचं काम. मे 2024 पर्यंत ते गेले. विमानं राहिली आणि ती चालवायला भारतातूनच नागरी तंत्रज्ञ आले. त्याआधी, फेब्रुवारीत, माघारीची बोलणी चालू असतानाच भारत, श्रीलंका आणि मालदीव यांच्या तटरक्षक दलांचा सोळावा ‘दोस्ती’ सराव मालेजवळ झाला आणि त्याच दिवसांत ‘शियांग यांग हाँग 03’ हे चिनी संशोधन जहाजही मालेच्या बंदरात लागलं होतं.