नेय्दल आणि चवदार तळं

तमिळमधून मराठीत अनुवाद करताना 'नेय्दल' या शब्दापाशी मी नेहमी अडते. 'समुद्रकिनारा' म्हटलं की वाळू उरते, बाकीचं गळून जातं. 'तोल्काप्पियम्' हा तमिळचा सर्वांत जुना उपलब्ध व्याकरणग्रंथ भूमीचे प्रकार सांगतो, तेव्हा प्रत्येक भूमीसोबत तिचं दैवत, अन्न, प्राणी, झाड, पक्षी आणि माणसांचा व्यवसायही मोजतो. त्यामुळे नेय्दलमध्ये किनारा येतो, तसे मासेमारही येतात आणि दूर गेलेल्यासाठीचं झुरणंही. आपल्याकडचा 'खाजण' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. त्यात भरती-ओहोटी आहे, मासळी आहे आणि बांध राखणारा शेतकरीही आहे. झुरणं मात्र नाही.

चेन्नईत या ग्रंथकाराच्या नावाची एक बाग आहे. अड्यार नदी समुद्राला मिळते तिथे तिची एक खाडी आत वळते. त्या खाडीच्या 58 एकरांवर 'तोल्काप्पिय पूंगा' उभी आहे. पूंगा म्हणजे उद्यान. शहराने ही जागा कित्येक वर्षं पडीक समजून राडारोडा टाकायला वापरली. 2006 मध्ये तिच्यासाठी न्यास स्थापन झाला. राडारोडा उपसला, तळी खोदली, भरतीच्या पाण्याला पुन्हा वाट दिली, तिवरं आणि स्थानिक झाडं लावली. जानेवारी 2011 मध्ये बागेचं उद्घाटन झालं. पक्षी, बेडूक, खेकडे परतले. नुसती झाडं लावून हे साधलं नसतं. खाडी जगते ती खाऱ्या-गोड्या पाण्याच्या येण्याजाण्यावर.

मराठी वाचकाला या जागेचा आणखी एक धागा ओळखीचा वाटेल. 1990 च्या दशकात सरकारने या खाडीच्या जमिनीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं भव्य स्मारक योजलं होतं. खाडी वाचावी म्हणून एक नागरी संस्था न्यायालयात गेली. शेवटी लहानशा भागात मणिमंडप झाला आणि उरलेली जागा निसर्गासाठी राहिली. हा वाद 'स्मारक की पक्षी' असा मांडला जातो, ते मला पटत नाही. शहरातली मोकळी जमीन आधी कुणाच्या नावावर भरायची आणि मग कुणाच्या नावावर वाचवायची, हे त्या जमिनीवर जगणाऱ्यांना सहसा कुणी विचारत नाही, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

कारण बाग झाल्यावरही बरीच वर्षं तिचं फाटक सर्वांसाठी खुलं नव्हतं. आत जायचं तर ठरलेल्या दिवशी, आगाऊ नोंदणी करून. भर शाळकरी मुलांवर. कारण समजण्यासारखं आहे: नाजूक अधिवासात गर्दी झाली तर पिल्लं जगत नाहीत. तरी मणिमंडपाजवळून जाताना मला महाड आठवतं. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायले, ते सार्वजनिक पाणी खरोखर सर्वांचं आहे हे दाखवायला. जातीची बंदी आणि बागेचं फाटक एका मापाने मोजता येत नाही, मोजूही नये. पण सार्वजनिक पाण्याच्या दारावर कोण उभं आहे, हा प्रश्न महाडनेच आपल्याला शिकवला.

नदीच्या मुखाशी, दक्षिण बाजूला, उरूर कुप्पम ही मच्छीमारांची वस्ती आहे. मुखाशी वाळू साचून वाट बुजते तेव्हा आत अडकलेलं शहराचं सांडपाणी आणि मासळी दोन्हीची झळ त्यांनाच बसते. ग्रंथ ज्याला नेय्दल म्हणतो, त्यातला 'व्यवसाय' बागेच्या कुंपणाबाहेर राहिला आहे. पूर्वी मला वाटायचं, पक्षी परतले की किनारा परतला. आता तसं वाटत नाही. तोल्काप्पियर यांचं नाव फाटकावर लावलं, तर त्यांची यादीही पूर्ण वाचायला हवी. त्या यादीत माणूस आहे.