नाणेघाटातला डिसेंबर

२४ डिसेंबरची संध्याकाळ, आळेफाटा. तुम्ही चहाच्या टपरीवर उभे आहात. शेजारच्या हातगाडीवाल्याने दिवाळीत आकाशकंदील टांगले होते, आज लाल टोप्या टांगल्यात. मोबाइलवर दोन मेसेज येऊन पडलेत. एक सोसायटीच्या ग्रुपवर : २५ डिसेंबर हा येशूचा वाढदिवस वगैरे काही नाही, रोमन लोकांची सूर्यपूजा आहे. दुसरा नगरच्या तुमच्या ख्रिस्ती वर्गमित्राचा : मॉलवाल्यांनी आमचा सण पळवला रे, खरा नाताळ राहिलाच नाही.

दोघांचं एकमेकांशी पटणार नाही, पण म्हणणं एकच आहे. वरचं सगळं खरवडून काढा, खाली मूळ सापडेल. चहा संपवा आणि जुन्नरमार्गे घाटघर गाठा. खरवडूनच बघू.

नाणेघाटात पोचता तेव्हा पहाट झालेली असते आणि सुमारे दोन हजार वर्षं मागे गेलेली असतात. जीवधन तसाच उभा आहे. थंडी तीच, कोकणातून वर चढणारं धुकंही तेच. फक्त वाट रिकामी नाही. पाठीवर गोण्या लादलेले बैल खुरं अडकवत, फुसफुसत दगडी पायऱ्या उतरताहेत, मागून हाकाऱ्यांच्या शिव्या. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणाजवळ खोळंबा झालाय. जकातीची नाणी याच रांजणात टाकत, असं सांगणारी माणसं तुम्हाला तुमच्या काळातही भेटली आहेत. बाजूच्या गुहेत शिरा. सातवाहनांची राणी नागनिका हिने केलेल्या-करवलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची यादी भिंतभर कोरली आहे : गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं, सगळं आकड्यांनिशी. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातली मंडळी दगडात उभी आहेत. त्यांचे चेहरे नीट पाहून घ्या, तुमच्या काळात तिथे जेमतेम पावलं उरलीत.

एवढी घाई कसली चालली आहे? वाऱ्याची. पश्चिमेची जहाजं पावसाळी वाऱ्यावर येतात आणि हिवाळ्यात वारा उलटला की परततात. रोमन लेखक प्लिनी सांगतो की परतीची जहाजं डिसेंबरात सुटतात, फार तर १३ जानेवारीच्या आत. म्हणजे जुन्नर-पैठणकडचं कापड कल्याण बंदरात पोचवायचं तर ते आत्ताच. वर येणाऱ्या मालात इटलीची दारू, काच, पोवळी. भारत दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार हाच प्लिनी करतो. रोमच्या गादीवर ऑगस्टस असेल नाहीतर त्याच्यामागचा कुणी. घाटमाथ्यावर कुणाला त्याचं सोयरसुतक नाही, त्याच्या देशातल्या सोन्याचं मात्र आहे.

डिसेंबरचा सीझन जुन्नरला येशूच्या सणाच्या आधीपासून आहे तर. मागी लोकांनी बाळापुढे ठेवलेल्या सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटी आठवा. ऊद आणि गंधरस अरबस्तान-आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे, आणि ती बंदरं कल्याणच्या जहाजांच्या वाटेवरचीच. बाजाराने सण बाटवला म्हणणाऱ्या तुमच्या मित्राला हे सांगून बघा. चिडेल, पण नाही म्हणता येणार नाही.

शे-दीडशे वर्षं पुढे या. जुन्नरभोवतालच्या डोंगरांत छिन्नी-हातोड्याचा आवाज घुमतोय. बौद्ध संघासाठी लेणी खोदण्याचं काम जोरात आहे आणि दात्यांत यवनही आहेत. इरिलाने पाण्याची दोन टाकी दिलीत, चिटाने भोजनमंडप, चंदाने लेण्याचा दर्शनी भाग. समुद्रापलीकडची ही माणसं इथे व्यापार करता करता इथल्या भिक्षूंच्या जेवणाखाण्याची सोय लावून गेली. आता लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या चढा आणि सातव्या लेण्यात या. खांबांशिवाय तोललेला मोठा थोरला मंडप, तीन बाजूंना भिक्षूंच्या कोठड्या. चढायला लागलात तेव्हा हा विहार होता, दम खाऊन आत पाऊल टाकता तेव्हा गिरिजात्मज झालेला असतो. अष्टविनायकाच्या गर्दीत, गणपतीआधी इथे कोण राहायचं, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर सांगणारे आहेत, आणि ते ऐकून हात जोडायचा थांबलेला माणूस मी तरी पाहिला नाही.

रोमला एक धावती चक्कर मारायला हवी, सोसायटीच्या ग्रुपचा मान म्हणून. इ.स. २७४मध्ये ऑरेलियन बादशहा सूर्यदेवाचं देऊळ उभारतो. ३५४ सालच्या एका रोमन पंचांगवजा ग्रंथात २५ डिसेंबरला ‘अजिंक्या’चा जन्मदिवस नोंदलाय, आणि त्याच ग्रंथातल्या दुसऱ्या यादीत त्याच तारखेला बेथलेहेमातल्या ख्रिस्ताचा जन्म. कोणी कोणाची तारीख उचलली यावर विद्वान अजून भांडतात. काहींच्या मते २५ मार्चच्या गर्भधारणेत नऊ महिने मिळवून ती आली. मला या भांडणात फारसा रस नाही. मजा वेगळीच आहे. ज्युलियस सीझरच्या कॅलेंडरात २५ डिसेंबर हा उत्तरायण सुरू होण्याचा दिवस मानत. आपली मकरसंक्रांतही मूळची उत्तरायणाच्याच दिवसाची. पुढे ती अयनचलनाने सरकत १४-१५ जानेवारीवर आली, आणि त्यांचं उत्तरायण कॅलेंडरातल्या चुकीने २१-२२ डिसेंबरला मागे सरलं. सूर्य दोघांच्याही हातून निसटला, सण दोघांनीही सोडले नाहीत. त्यामुळे तिळगूळ खाता खाता ‘त्यांचा सण मूळचा सूर्याचा’ म्हणून हसणं जरा अवघड जातं.

आता पोर्तुगीजांच्या वसईला चला, १७३०च्या दशकाच्या सुरुवातीच्या कुठल्याही २४ डिसेंबरच्या रात्री. समुद्राचा खारा वारा, मेणबत्त्यांचा वास. मिस्साला आलेल्या बायका आपसांत बोलतात ती बोली थोडीफार तुम्हाला कळते. मध्यरात्र होते आणि घंटा सुरू होते. नवी घंटा आहे, तिच्यावर १७२९ हा आकडा आहे. पहिल्या टोल्याला कानठळ्या बसतात. दुसऱ्या टोल्यानंतर तुम्ही मनोऱ्याच्या भिंतीला तळवा लावता, तेव्हा दगडातला कंप कोपरापर्यंत येतो. खाली अंगणात एक पोर दचकून रडायला लागतं आणि आई त्याचे कान झाकते.

१७३९च्या मे महिन्यात हीच वसई चिमाजी अप्पांच्या हाती येते. सुरुंगांनी बुरूज उडालेत आणि मराठ्यांचीही हजारो माणसं पडली आहेत. देवळांत पोचलेल्या घंटा ही त्या विजयाची खूण. नाशिकच्या नारोशंकराला एक, मेणवलीला एक, आणि ही १७२९ची चिमाजी अप्पांनी भीमाशंकराला वाहिली. आंबेगावच्या शिवेला लागून असलेल्या त्या शेकरूंच्या जंगलात एवढं धूड कोणी आणि कसं चढवलं असेल, या विचारानेच तुमचे खांदे दुखू लागतात. श्रावणी सोमवारच्या रांगेतला माणूस तिच्या शेजारून ‘हर हर महादेव’ म्हणत पुढे सरकतो.

ती कोणी प्रेमाने दिलेली नव्हती, जिंकून आणलेली होती. हे गुळमुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. रोममधली सूर्याची देवळंही पुढे गोडीगुलाबीने बंद झाली नाहीत. पण उचललेली वस्तू नव्या घरी रुळते, आणि कधी कधी हसतखेळतही येते. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक नगरला ख्रिस्तासाठी अभंग रचतात, कीर्तन करतात, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं उघड सांगतात. तुकोबांना यात काही गेल्यासारखं वाटलं असतं का? मला नाही वाटत. राहिला तो लाल डगल्यातला म्हातारा. त्याला अमेरिकी चित्रकारांनी बाळसं दिलं आणि १९३१पासून कोकाकोलाच्या जाहिरातींनी घरोघर पोचवलं. त्याच्यावर यापेक्षा जास्त शाई खर्च करू नये.

एवढं खरवडून हाताला काय लागलं? खाली बाजार, त्याच्याखाली सूर्य. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती गोष्ट या थरांत नव्हतीच. लूकने सांगितलेली गोष्ट मुळात अगदी सरकारी कागदांतून सुरू होते : ऑगस्टसने नोंदणीचा हुकूम काढला म्हणून दिवस भरलेल्या बाईला घर सोडावं लागलं, उतरायला जागा मिळाली नाही, बाळ गव्हाणीत निजवलं, आणि बातमी सगळ्यांआधी कळली रानात रात्र काढणाऱ्या मेंढपाळांना.

तेव्हा आजच्या रात्रीत परत या आणि घोडनदीकाठच्या उसात उतरा.

तोडलेल्या फडाच्या कडेला बारा-पंधरा कोप्या आहेत. टोळी बीडकडची, दिवाळीनंतर आलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल दोघांच्या नावावर घेतलेली, त्यामुळे नववा लागला तरी तिने परवापर्यंत डोक्यावर मोळ्या वाहिल्या. आज रात्री कळा सुरू झाल्यात. कोपीत वाकूनच शिरावं लागतं. खाली पाचट, त्यावर गोधडी, पाचटाची बारीक कूस तुमच्या मोज्यांतून टोचते. बाहेर तीन दगडांवर पाणी तापतंय आणि कुडाला पाठ लावून बैल वाढं चघळताहेत. टोळीतली एक म्हातारी तुमच्याकडे न बघताच म्हणते, “बॅटरी धरा, मान फिरवा तिकडं.” तुम्ही मोबाइलचा टॉर्च लावता आणि मान फिरवता.

संध्याकाळी वनखात्याची गाडी सांगत गेली आहे : बिबट्या फिरतोय, लहान मुलांना एकटं सोडू नका. म्हणून पलीकडच्या मोकळ्या रानात वाडा बसवलेला धनगरही जागाच आहे. वाघरीच्या आत मेंढरं दाटीवाटीने बसलीत, कुत्री भुंकताहेत. बाळाचा आवाज आधी त्याला ऐकू जातो. काठी आणि बॅटरी घेऊन तो बांधावर येतो, खाकरतो.

“काय झालं?”

“पोरगी,” म्हातारी आतून ओरडते.

“झाक झालं. बाहेर नगा काढू, जनावर हाय.” तो जातो आणि थोड्या वेळाने किटलीत शेळीचं दूध देऊन परत आपल्या मेंढरांकडे वळतो.

उजाडल्यावर गावातली आशाताई येते. बाळाला कापडाच्या झोळीत घालून ताणकाट्याला अडकवते, आकडा वहीत लिहिते, बाळंतिणीचं कार्ड मागते. ते गावी पेटीत राहिलंय.

“जन्माची नोंद गावाकडं करा ताई,” नवरा म्हणतो. “न्हाईतर रेशनकार्डात नाव चढायला ताप व्हतो.”

“जन्म इथं झाला, नोंद इथलीच लागते.”

“पण आम्ही हितलं न्हाई.”

“ती आहे ना,” आशाताई म्हणते आणि लिहायला लागते. तेवढ्यात मुकादम मोटारसायकलवरून येतो. पाय न टेकवताच विचारतो, आज कोयता चालणार का. नवरा कोपीकडे बघतो. मुकादम मोबाइल काढून खाडा मांडतो : बाईचा पुढच्या सांगाव्यापर्यंत, नवऱ्याचा आजच्यापुरता.