गुप्तहेर कादंबरी, मराठी
गुन्हा आणि त्याचा छडा लावणारा नायक यांभोवती रचलेला मराठीतील लोकप्रिय कादंबरीप्रकार. या प्रकाराची परंपरा शतकाहून जुनी आहे. तथापि अमेरिकेत १९२० नंतर रूढ झालेल्या ‘हार्डबॉइल्ड’ गुन्हेकथेचा संस्कार तिच्यावर उशिरा व अंशतःच झाला.

ही अमेरिकन कथा ब्लॅक मास्क (स्थापना १९२०) या स्वस्त मासिकातून वाढली. पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरी केलेल्या डॅशिएल हॅमेट याने (१८९४–१९६१) द मॉल्टीझ फाल्कन (१९३०) या कादंबरीत, तर रेमंड चँडलर याने (१८८८–१९५९) द बिग स्लीप (१९३९) मध्ये तिला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली. या कथांतील गुप्तहेर रोजच्या मेहनतान्यावर काम करतो. ज्या शहरात तो वावरतो, तेथील धनिक, पोलीस व गुंड यांचे लागेबांधे असतात. त्यामुळे खुनी सापडला, तरी बिघडलेली व्यवस्था सुधारत नाही. शेरलॉक होम्सच्या परंपरेशी तिचा खरा विरोध आहे, तो येथे.

मराठीत गो. ना. दातार (१८७३–१९४१) यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या कृतींच्या आधारे रहस्यप्रधान कादंबऱ्या लिहिल्या. या प्रकाराला अफाट वाचकवर्ग मिळवून दिला, तो मात्र बाबूराव अर्नाळकर (मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, १९०६–९६) यांनी. त्यांची पुस्तके हजाराच्या घरात जातात. त्यांचा धनंजय आणि साहाय्यक छोटू ही जोडी होम्स–वॉटसनच्या वळणाची आहे. झुंजार व काळापहाड हे नायक मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर राहून दुष्टांना शासन करतात. लेस्ली चार्टरिसच्या ‘सेंट’शी त्यांचे नाते जवळचे, हॅमेटच्या थकलेल्या, पगारी गुप्तहेराशी नव्हे. अर्नाळकरांच्या कथेत अन्यायाचे परिमार्जन होतेच होते. वाचकाला हवा होता तो हाच दिलासा, आणि तो साध्या, वेगवान मराठीतून मिळे. वाचनाची पहिली गोडी या पुस्तकांनी लावली, अशी कबुली पुढे अनेक मान्यवर लेखकांनीही दिली आहे. समीक्षेने मात्र त्यांची दखल दीर्घकाळ घेतली नाही. हा अन्यायच म्हणावा लागेल.

अंधाऱ्या, बेइमान शहराचे चित्र मराठी वाचकापर्यंत आधी पोहोचले ते बाजी (१९५१), सी. आय. डी. (१९५६) यांसारख्या मुंबईत घडणाऱ्या हिंदी चित्रपटांतून, आणि जेम्स हॅडली चेसच्या इंग्रजी पुस्तकांतून. रेल्वे स्थानकांवरील दुकानांत हमखास दिसणारा हा ‘अमेरिकन’ लेखक वस्तुतः इंग्रज होता व नकाशे आणि बोलीभाषेचे कोश जवळ बाळगून अमेरिका रंगवीत असे.

१९७० नंतर गुरुनाथ नाईक व सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी या प्रकाराला नवे वळण दिले. नाईकांच्या कॅप्टन दीपसारख्या नायकांत लष्करी बाणा आहे. शिरवळकरांचे मंदार पटवर्धन, फिरोझ इराणी व दारा बुलंद हे तरुण, बेदरकार आणि चटपटीत संवाद बोलणारे नायक आहेत. हार्डबॉइल्ड शैलीच्या सर्वांत जवळ मराठी कथा येते, ती त्यांच्या या संवादांत. त्यांचा बॅरिस्टर अमर विश्वास हा अर्ल स्टॅन्ली गार्डनरच्या पेरी मेसनच्या कुळीतला. गार्डनर हाही मूळचा ब्लॅक मास्कचाच लेखक; म्हणजे तो संस्कार मराठीत आला, पण वकिलाचा काळा डगला घालून.

याचे एक कारण सामाजिक आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत खासगी गुप्तहेर हा परवानाधारक व्यावसायिक असतो. भारतात त्याला असे कायदेशीर स्थान नव्हते. त्यामुळे भाड्याच्या कचेरीत अशिलाची वाट पाहणारा गुप्तहेर मराठी वाचकाला कृत्रिम वाटे. न्यायालय मात्र त्याच्या परिचयाचे होते. नानावटी खटल्याने (१९५९) तर अवघी मुंबई ढवळून काढली होती. दुसरे कारण नैतिक : गुन्हेगार सापडूनही न्याय होत नाही, हा शेवट मनोरंजनासाठी पुस्तक हाती घेणाऱ्या वाचकाला मानवणारा नव्हता व महिन्याला नवी पुस्तके मागणाऱ्या प्रकाशकाला परवडणारा नव्हता.

या कादंबऱ्यांचा प्रसार मुख्यतः फिरत्या व भाडोत्री वाचनालयांतून झाला. हलक्या कागदावरील प्रती हाताळून जीर्ण झाल्या, आणि त्या जतन कराव्यात असे फारसे कोणास वाटले नाही. अर्नाळकरांच्या निवडक कथा एकविसाव्या शतकात पुन्हा छापल्या गेल्या आहेत. एकूण लेखनाच्या मानाने त्या मूठभरच.